टूरिंग बाईकला मोठा हॉर्न बसवायचाय? आधी वायरिंग बघा, मग हॉर्न

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची जुनी ४११ सीसीवाली हिमालयन आहे. गाडीबद्दल कुरकुर करायला फार काही नव्हतं, एक हॉर्न सोडून. दोनशे किलोच्या आसपास वजन, पुढे २१ इंची चाक, दोन्ही बाजूंना पॅनियर (सामानाच्या पेट्या), आणि बटण दाबलं की आवाज यायचा शेजारच्या काकूंच्या मोपेडचा. शहरात चालून जातं हो, सिग्नलला कोण ऐकतंय नाहीतरी. पण जुलैत ताम्हिणी किंवा वरंध्यात धुकं उतरलेलं असताना आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्या टेम्पोला आपण आहोत हे कळवायचं एकच साधन असतं ते म्हणजे हॉर्न, आणि सांगली-कोल्हापूरकडे हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकला असाल तर विचारूच नका, दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, ड्रायव्हरच्या डोक्याशी फुल आवाजात गाणी, मागे बाईकवाला आहे हे त्या बिचाऱ्याला कळणार तरी कसं.

तर मी हॉर्न बदलला, एकदा चुकीचा आणि एकदा बरोबर. दोन्ही सांगतो म्हणजे तुमचा एक रविवार वाचेल.

आधी बघा की जुना हॉर्न खरंच बाद आहे का

ही स्टेप सगळे सोडतात आणि थेट दुकानात जातात. मल्टीमीटर घ्या, साधा दोनअडीचशेवाला पण चालेल. इंजिन बंद, चावी ऑन, आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा, चांगली बॅटरी साडेबाराच्या आसपास दाखवेल. आता हॉर्नच्या दोन पिनांवर प्रोब लावा आणि कोणालातरी बटण दाबायला सांगा. बटण दाबलेलं असतानाचा आकडा महत्त्वाचा, नुसता चावी ऑन केल्यावरचा नाही, कारण करंट वाहत नसेल तर व्होल्टेज कुठेच पडत नाही आणि सगळं छान छान दिसतं.

माझ्या गाडीत बॅटरीवर १२.५ होते आणि हॉर्नवर १०.८. म्हणजे पावणेदोन व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते, बारीक वायर, गंजलेल्या पिना, बटणातला काळा पडलेला कॉन्टॅक्ट, सगळ्यांनी मिळून. पिना काढून पॉलिश पेपरने घासल्या, बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, आकडा ११.५ वर आला आणि त्याच जुन्या हॉर्नचा आवाज जाणवण्याइतका सुधारला. डिस्क हॉर्नच्या मागे एक छोटा स्क्रू पण असतो, त्यावर बऱ्याचदा रंग किंवा लाखेचा ठिपका असतो. तो पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवून आवाज कुठे खुलतो ते बघायचं. पाव आटा म्हणजे पावच, जोशात येऊन दोन फेरे फिरवले की हॉर्न मुका होतो.

एवढ्यावर समाधान झालं तर इथेच थांबा, पैसे वाचले, मिसळ खा. माझं झालं नाही.

कुठला हॉर्न घ्यायचा

ढोबळ तीन प्रकार. पहिला डिस्क, म्हणजे चपटा थाळीसारखा, आवाज टोकदार, बसवायला सोपा, पाण्यात टिकतो. दुसरा विंडटोन, गोगलगायीसारखा गुंडाळलेला, कारला असतो तो, आवाज भरदार आणि गोल. तिसरा एअर हॉर्न, छोटा काँप्रेसर आणि त्याला भोंगे.

एअर हॉर्न माझ्या मते बाईकवर आणूच नका. काँप्रेसर एकटाच भरपूर करंट ओढतो, बटण दाबल्यापासून आवाज यायला क्षणभर जातो (आणि आपल्याला हॉर्न हवा असतो तो नेमका त्याच क्षणाला), आणि मुख्य म्हणजे पोलीस मामांना लांबून ओळखू येतो.

कायद्याचं इथेच उरकून घेतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम हॉर्नबद्दल आहे. एकामागोमाग वेगवेगळे सूर काढणारा मल्टी-टोन हॉर्न चालत नाही, आणि कर्कश, दचकवणारा आवाज करणारं कुठलंही यंत्र चालत नाही. दोन हॉर्न एकाच वेळी एकच भरीव आवाज काढतात ते वेगळं आणि लग्नाच्या वरातीसारखी धून वाजते ते वेगळं, दुसरं सरळ बेकायदा. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवला, किंवा नो हॉर्न पाटी असलेल्या ठिकाणी वाजवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ एफ खाली पहिल्यांदा १००० आणि पुढच्या वेळी २००० रुपये दंड आहे. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत हॉर्न वाजवायचा नाही. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' सुद्धा महाराष्ट्रात २०१५ मध्येच बंद करायला सांगितलंय, अजून दिसतं ती गोष्ट वेगळी. गडकरी साहेब तर हॉर्नमधून तबला आणि बासरीच वाजली पाहिजे म्हणतात, ते होईल तेव्हा होईल.

तर मी ठरवलं होतं, नावाजलेल्या कंपनीचा, बारा व्होल्टचा, कार-बाईकला चालणारा जोड घ्यायचा. रूट्स, मिंडा, हेला, बॉश यातलं काहीही घ्या, रूट्स आपल्या कोइंबतूरची कंपनी आहे आणि सुट्टे पार्ट कुठेही मिळतात. जोडीत एक लो टोन आणि एक हाय टोन असतो, साधारण चारशे आणि पाचशे हर्ट्झच्या आसपास. दोन्ही एकत्र वाजले की आवाज भरल्यासारखा लागतो. दोन हाय किंवा दोन लो घेऊन येऊ नका, बॉक्सवर किंवा हॉर्नवर एच आणि एल लिहिलेलं असतं ते बघूनच पैसे द्या. माझ्या मित्राने दोन्ही एच आणले आणि आता त्याची गाडी किंचाळते.

एक गणित डोक्यात ठेवा. एकसारखे दोन हॉर्न लावले म्हणजे आवाज दुप्पट ऐकू येतो असं नाही, मीटरवर तो फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. आणि अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. म्हणून हॉर्न किती महाग यापेक्षा तो पुढे तोंड करून, मोकळ्या जागेत, पुऱ्या बारा व्होल्टवर वाजतोय का याला जास्त किंमत आहे.

सामान

पुण्यात असाल तर हॉर्न आणि क्लॅम्प नाना पेठेत, आणि रिले (बारीक करंटवर जड करंट चालू-बंद करणारा स्विच), वायर, स्लीव्ह वगैरे बुधवारातल्या तपकीर गल्लीत मिळून जाईल. यादी अशी: हॉर्नचा जोड, १२ व्होल्टचा चार पिनवाला रिले आणि त्याचं सॉकेट (सॉकेट नक्की घ्या, नुसत्या पिना खोचल्या की खड्ड्यात निघतात), ब्लेड फ्यूजचा वॉटरप्रूफ होल्डर, १५ अँपिअरचे चार फ्यूज, दीड स्क्वेअर एमएमची ऑटो वायर लाल आणि काळी तीन-तीन मीटर, ६.३ एमएमचे फिमेल थिंबल (वायरच्या टोकाला चेपायच्या, पिनेवर बसणाऱ्या धातूच्या क्लिपा) त्यांच्या प्लास्टिक टोप्यांसकट, बॅटरीच्या बोल्टात बसतील असे दोन रिंग थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आक्रसणारी नळी), झिप टाय, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे). घरगुती फिटिंगची वायर आणू नका, तिची पीव्हीसी इंजिनच्या उष्णतेला मऊ पडते. क्रिम्पिंगची पक्कड नसेल तर कोणाची तरी उसनी आणा, साध्या पकडीने चेपलेलं थिंबल घाटात कधी सुटेल सांगता येत नाही.

मला सगळं मिळून दोन हजारांच्या आत पडलं.

रिले कशाला? कारण मी एकदा न लावता बघितलंय

पहिल्या वेळी मी जोड एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. तिथल्या पोराने जुन्या हॉर्नच्या वायरी कात्रीने कचाकच कापल्या, पीळ मारला, काळी टेप गुंडाळली, दहा मिनिटांत काम फत्ते. आवाज आला, मी खूष. पंधरा दिवसांत आवाज घोगरा झाला आणि दोन महिन्यांत बटण दाबलं की कधी वाजायचा कधी नाही. स्विच उघडला तर कॉन्टॅक्ट जळून कोळसा झालेला.

कारण साधं आहे. कंपनीचा हॉर्न दोन-तीन अँपिअर ओढतो आणि बटण, वायर सगळं तेवढ्याच हिशोबाने दिलेलं असतं. विंडटोनचा जोड आठ-दहा अँपिअर सहज ओढतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत हॉर्न, ब्रेकलाईट आणि इंडिकेटर एकाच फ्यूजवर असतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा तो फ्यूज संध्याकाळी कशेडीत उडाला, हॉर्नसोबत ब्रेकलाईट पण गेली, आणि मागून ट्रक. रिले लावला की बटणातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, पाव अँपिअरपेक्षा कमी, आणि हॉर्नचा जड करंट बॅटरीपासून जाड वायरने थेट येतो.

आणि वॉरंटीतल्या गाडीची वायरिंग कापली की सर्व्हिस सेंटरवाले हात वर करतात. खाली सांगतोय त्या पद्धतीत एकही वायर कापायची नाहीये.

जागा

चावी काढा, सीट काढा, बॅटरीचं आधी मायनस सोडवा मग प्लस. उलटं केलं आणि प्लस सोडवताना पाना फ्रेमला टेकला तर ठिणगी ठरलेली. घड्याळ नंतर परत लावावं लागेल, असू दे.

आता हॉर्न हातात धरून गाडीसमोर बसा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. हॉर्नचं तोंड पुढे आणि थोडं खाली हवं. विंडटोनचं भोक तर खालीच हवं, वर तोंड करून लावला की पावसात त्याचा गडू होतो, ताम्हिणी चढून मुळशीला पोचेपर्यंत माझा हॉर्न गुळण्या करत होता. माझ्या गाडीला पुढे ऑइल कूलर आहे, त्याच्या तोंडावर हॉर्न आला तर हवा अडते, तिथे नको. सायलेन्सरच्या बेंडपाईपपासून पण लांब.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पुढच्या शॉकअपच्या हिशोबात. स्टँडवर उभ्या गाडीला चिक्कार जागा दिसते, पण हिमालयनचा पुढचा ट्रॅव्हल २०० एमएम आहे, म्हणजे मोठा खड्डा आला की मडगार्ड जवळजवळ वीतभर वर येतं. तपासायची युक्ती सांगतो: शॉकअपच्या चकचकीत पाईपवर एक झिप टाय हलक्या हाताने बांधा, खालच्या बाजूला सरकवा, आणि एक खराब रस्त्याची चक्कर मारून या. टाय जिथपर्यंत वर ढकलला गेला तेवढा प्रवास शॉकअपने केला. हॉर्न आणि मडगार्डमध्ये त्याहून दोन बोटं जास्त जागा ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून पण बघा.

हॉर्नसोबत जी पातळ पोलादी पट्टी येते ना, कधीकधी दोन-तीन पट्ट्यांची गड्डी असते, ती फेकून देऊन जाड लोखंडी क्लॅम्पवर हॉर्न घट्ट आवळायचा मोह होतो. नका करू. हॉर्न स्वतः थरथरतो तेव्हा आवाज निघतो आणि ती पट्टी त्याला हलायला मोकळीक देते. हॉर्नची बॉडी फ्रेमला, क्रॅशगार्डला, अगदी एखाद्या वायरला जरी टेकली तरी आवाज दबतो. चारी बाजूंनी बोट फिरलं पाहिजे. मी लो टोन डावीकडे आणि हाय उजवीकडे क्रॅशगार्डच्या वरच्या बोल्टाजवळ एल आकाराच्या पट्टीवर घेतले, पण हॉर्नची स्वतःची पट्टी मध्ये ठेवूनच. नट नायलॉकच वापरा, सिंगल सिलिंडरची थरथर साधे नट महिनाभरात सैल करते.

वायरिंग

रिलेच्या खाली आकडे कोरलेले असतात, ३०, ८५, ८६, ८७. पाच पिनवाला हातात आला तर ८७ए मोकळी सोडा. जोडणी अशी:

कंपनीच्या हॉर्नवरून निघालेल्या दोन वायरी सरळ ८५ आणि ८६ वर. कुठली कुठे याने फरक पडत नाही, आणि हीच या पद्धतीची गंमत आहे. काही गाड्यांत बटण प्लस जोडतं, काहींत बटण अर्थ (म्हणजे मायनसची बाजू) जोडतं आणि प्लस कायम हॉर्नवर असतो. एक वायर ८५ ला आणि दुसरी बाजू चेसिसला अर्थ अशी जोडणी दुसऱ्या प्रकारच्या गाडीत केली तर चावी ऑन करताच हॉर्न बोंबलत सुटतो. दोन्ही वायरी रिलेला दिल्या की गाडी कुठल्याही प्रकारची असो, रिले ओढणारच. अपवाद फक्त आत डायोड असलेल्या रिलेचा, त्यावर छापलेल्या आकृतीत बाण दिसतो, तिथे प्लस-मायनस बघूनच जोडा. जुन्या हॉर्नला एकच वायर असेल आणि अर्थ बॉडीतून असेल, तर ती वायर ८६ ला आणि ८५ वरून एक वायर अर्थला.

३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून येणारी लाल वायर, मध्ये फ्यूज. फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. कारण फ्यूज वायरला वाचवतो, हॉर्नला नाही, पुढे कुठेही वायर सोलली जाऊन फ्रेमला टेकली तर बॅटरी आणि फ्यूजमधला तुकडा सोडून बाकी सगळी सुरक्षित राहते.

८७ वरून एक लाल वायर निघून तिला दोन फाटे, प्रत्येक हॉर्नच्या एका पिनेला एक. हॉर्नच्या दुसऱ्या पिना काळ्या वायरने एकत्र करून थेट बॅटरीच्या मायनसला. लोक इथे आळस करून जवळच्या बोल्टाला अर्थ देतात, रंगाच्या थराखाली तो अर्थ कधीच नीट लागत नाही आणि मग व्होल्टेज पडतं, म्हणजे फिरून तिथेच आलो. एक जास्तीची वायर टाका, दीडशे रुपये जातील. डिस्क आणि विंडटोनला सहसा प्लस-मायनस नसतो, कुठलीही पिन चालते.

रिले मी पुढे, टाकीच्या खाली हँडलजवळच्या पोकळीत झिप टायने बांधला, पिना खाली. पिना वर केल्या तर सॉकेटची वाटी होते आणि पाणी साठतं. प्रत्येक पिनेवर बोटभर व्हॅसलीन, हसू नका, चार पावसाळे झाले गंज नाही. वायर कंपनीच्या हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) सोबतीने, टाकीखालून न्या, दर वीतभर अंतरावर टाय मारा, टाकी परत बसवताना वायर चेपली जात नाही ना ते टॉर्च मारून बघा, आणि हँडलजवळ थोडी ढील ठेवा.

नवीन महागड्या गाड्यांत, जिथे हॉर्नचं बटण थेट हॉर्नला न जाता कंट्रोल युनिटला जातं, तिथे हे करण्याआधी गाडीचा वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय हात लावू नका.

तपासणी

बॅटरी जोडताना आधी प्लस, मग मायनस. फ्यूज सगळ्यात शेवटी खोचा. चावी ऑन, बटण दाबा. रिलेचा बारीक 'टक' आणि पाठोपाठ हॉर्न. टक येतोय पण हॉर्न नाही, म्हणजे ३० किंवा ८७ किंवा अर्थची बाजू बघा. टकच नाही, तर ८५-८६ ची. एकच हॉर्न वाजतोय तर त्याचं थिंबल हलवून बघा, नव्वद टक्के वेळा तेच असतं.

मग परत मल्टीमीटर, बटण दाबलेलं असताना नवीन हॉर्नच्या पिनांवर. त्याच क्षणी बॅटरीवर जेवढे आहेत त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको. माझा फरक ०.३ आला, जुन्या वायरिंगमध्ये तो १.७ होता. इंजिन चालू करून, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवत, बटण दाबून धरा, आवाज मध्ये तुटला तर वायर कुठेतरी ताणली जातेय. हे सगळं सकाळी दहानंतर करा, मी सातला केलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाने मेसेज पडला.

शेवटी पाण्याचा पाईप घेऊन हॉर्न आणि रिलेच्या बाजूने दोन मिनिटं फवारा मारा (प्रेशर वॉशर नको) आणि परत वाजवून बघा. भोर-महाडच्या मधे कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पट्टीचे नट एकदा पान्याने चाचपा. दर पावसाळ्याआधी पिना काढून पुसा, व्हॅसलीन नवीन लावा. सीटखाली दोन जादा फ्यूज टेपने चिकटवून ठेवा. आणि कंपनीचा जुना हॉर्न टाकू नका, त्याच्या पिना रिलेवरून काढून परत त्याला लावल्या की गाडी पाच मिनिटांत मूळ रूपात येते, वॉरंटीला न्यायची असो नाहीतर विकायची असो. माझा पॅनियरच्या तळाशी फडक्यात गुंडाळून असतो, मागच्या वर्षी आंबोलीत एका स्प्लेंडरवाल्या काकांचा हॉर्न मेला होता, त्यांना लावून दिला तेवढाच काय तो बाहेर आला, सावंतवाडीला चहाच्या टपरीवर त्यांनी काढून परत दिला.